लिबरऑफिसचं कूळ आणि मूळ

लिबरऑफिस हे फुकट मिळणारं मुक्त ऑफिस चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि तपशिलांची यादी पाहा. चालू असलेल्या फाइलचं नाव तिथे 'एसऑफिस' असं दिसतं. यातला एस म्हणजे स्टार. मॅक्रो, म्हणजे ऑफिसातली कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा, लिहिणाऱ्यांना अशीच जुनी खूण रोज भेटते. त्यांच्या आज्ञांमध्ये जागोजागी 'कॉम डॉट सन डॉट स्टार' ही अक्षरं येतात. यातली स्टार ही कंपनी १९९९ साली विकली गेली आणि सन ही कंपनी २०१० साली ऑरेकलने गिळली. ही नावं बदलली तर जगभरच्या कचेऱ्यांमधले मॅक्रो एका रात्रीत बंद पडतील, म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव असतं आणि फेरफाराच्या भानगडीत कुणी पडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. सॉफ्टवेअरचं मात्र विचारावं, फुकट मिळणाऱ्याचं तर जरूर विचारावं. पत्रं, बिलं, सोसायटीचा हिशेब, दिवाळी अंकाचा मजकूर यांसाठी पैसे भरायच्या ऑफिसऐवजी मुक्त पर्याय वापरा, असं कुणाला सुचवलं की ठरलेला प्रश्न येतो: फुकटचं आहे, उद्या बंद पडलं तर? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वैशिष्ट्यांच्या यादीत सापडत नाही, ते या कुळात सापडतं.

हे कूळ सुरू होतं उत्तर जर्मनीतल्या लुनेबुर्ग या गावात. हॅम्बुर्गपासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव एकेकाळी मिठाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. तिथल्या मार्को बोरीज नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने १९८५ साली स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. विद्यार्थी-देवाणघेवाणीत तो कॅलिफोर्नियात राहून आला होता आणि तिथली संगणकाची हवा डोक्यात घेऊन परतला होता. कंपनीचा पहिला माल म्हणजे स्टाररायटर हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. झेड-८० चिपवर चालणारे छोटे संगणक, जर्मनीत श्नायडर नावाने विकला जाणारा अ‍ॅमस्ट्रॅड, मग डॉस, अशा पायऱ्या त्याने चढल्या. हा साधा सरळ धंदा होता. खोक्यात घालून विकायचा प्रोग्रॅम, आत पुस्तिका, वर किंमत. मुक्त सॉफ्टवेअरशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

गंमत अशी की नेमक्या त्याच १९८५ साली अटलांटिकपलीकडे बॉस्टनमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. एमआयटीच्या प्रयोगशाळेत वाढलेल्या या माणसाने दोन वर्षं आधी, सप्टेंबर १९८३ मध्ये, ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. प्रोग्रॅम वापरावा, आतून कसा चालतो ते पाहावं, बदलावा आणि दुसऱ्याला द्यावा, हा वापरणाऱ्याचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी १९७६ साली विशीतल्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून 'तुम्ही आमचा प्रोग्रॅम चोरता' असं सुनावलं होतं. एक बाजू मालकीची, दुसरी वाटून घेण्याची. बोरीज पहिल्या बाजूचा गडी. त्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला जायला पंधरा वर्षं लागली, आणि गेला तोही कुठल्या तत्त्वासाठी नव्हे.

नव्वदच्या दशकात स्टाररायटरचं स्टारऑफिस झालं. मजकूर, तक्ते, सादरीकरण, चित्रं असं सगळं त्यात आलं. जर्मनीत ते बऱ्यापैकी खपत होतं, बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण स्टार डिव्हिजनच्या लोकांनी एक काम दूरदृष्टीने केलं होतं. खिडक्या, बटणं, मेनू काढणारा थर त्यांनी मूळ प्रोग्रॅमपासून वेगळा ठेवला. त्यामुळे विंडोज, ओएस-टू, सोलारिस, लिनक्स अशा निरनिराळ्या यंत्रणांवर तोच प्रोग्रॅम चालवता येई. हा थर वंशपरंपरेने आजच्या लिबरऑफिसपर्यंत आला आहे. आणि त्याच्याचमुळे गिऱ्हाईक चालून आलं.

ऑगस्ट १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने स्टार डिव्हिजन विकत घेतली. सनचे एक अधिकारी सायमन फिप्स यांनी नंतर सांगितलेलं कारण मजेशीर आहे. कंपनीत बेचाळीस हजारांच्या आसपास माणसं. जवळजवळ प्रत्येकाच्या टेबलावर सनचं स्वतःचं युनिक्स यंत्र, आणि शेजारी केवळ वर्ड-एक्सेलसाठी एक विंडोजचा लॅपटॉप. मायक्रोसॉफ्टकडून इतके परवाने घेण्यापेक्षा ऑफिस बनवणारी एक कंपनीच विकत घेणं स्वस्त पडत होतं! जगातल्या सर्वांत मोठ्या मुक्त ऑफिसच्या मुळाशी असा काटकसरीचा हिशेब आहे, हे मला फार आवडतं. पुढचं पाऊलही धंद्याचंच होतं. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस हा त्या कंपनीचा दुभता माल. त्याच्या शेजारी तशीच वस्तू फुकट ठेवली की प्रतिस्पर्ध्याला घाम फुटणार. १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने स्टारऑफिसचा सोर्स कोड जगापुढे मांडला आणि ओपनऑफिस डॉट ऑर्ग सुरू झालं. नावामागे 'डॉट ऑर्ग' लावावं लागलं, कारण नुसतं 'ओपनऑफिस' हे नाव आधीच दुसऱ्याच्या मालकीचं होतं.

उघडा झालेला कोड वाचायला बसलेल्या स्वयंसेवकांना पहिली अडचण आली ती भाषेची. प्रोग्रॅमर स्वतःसाठी ज्या टिपा कोडमध्ये लिहून ठेवतात त्या हजारोंच्या संख्येने जर्मनमध्ये होत्या. त्या शोधून काढणारी एक छोटी अवजार-फाइलच पुढे लिबरऑफिसवाल्यांनी बनवली, आणि टिपांचं इंग्रजी करण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं. नव्या स्वयंसेवकाला हात बसावा म्हणून पहिलं काम हेच दिलं जाई. त्याआधीच्या स्टारऑफिसला आणखी एक खोड होती: ते उघडलं की सगळा पडदा व्यापून स्वतःचं वेगळं स्टार्ट बटण दाखवायचं. १ मे २००२ रोजी ओपनऑफिसची १.० आवृत्ती आली तोवर ही हौस काढून टाकलेली होती.

या कोडचा परवाना फार महत्त्वाचा. एलजीपीएल या परवान्याखाली एकदा दिलेला कोड मालकालाही परत घेता येत नाही. पुढची आवृत्ती तो बंद दाराआड बनवू शकतो, पण आजवर बाहेर गेलेली प्रत ज्याच्या हाती आहे त्याची. सनने मात्र एक गाठ आपल्या हाती ठेवली होती. बाहेरच्या कुणी भर घातली तर त्या भरीच्या हक्कात सनला वाटा लिहून द्यावा लागे, आणि त्या जोरावर सन तोच माल स्टारऑफिस या नावाने विकतही असे. पुष्कळांना हे रुचत नव्हतं. सुधारणा पाठवाव्यात आणि त्या महिनोन्‌महिने पडून राहाव्यात, असंही होई. म्हणून नोव्हेल कंपनीतल्या मायकल मीक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी गो-ओओ नावाची सुधारित आवृत्ती शेजारी चालवायला सुरुवात केली. लिनक्सच्या कित्येक वितरणांत ओपनऑफिस म्हणून जे मिळे ते प्रत्यक्षात हेच असे. घरात राहून वेगळी चूल मांडल्यासारखंच ते प्रकरण होतं. पण पुढे हीच चूल कामाला आली.

आता या कुळातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे वळू. ती म्हणजे फाइल. प्रोग्रॅमबद्दल लोक भांडतात, फाइलबद्दल कुणी बोलत नाही. आणि खरी गोम तिथेच असते. स्टारऑफिसच्या जुन्या फाइली वर्डच्या जुन्या फाइलींसारख्याच होत्या. ज्याने प्रोग्रॅम बनवला त्यालाच कळतील अशा. सनने त्याऐवजी साध्या मजकुरात लिहिलेली, वाचता येईल अशी रचना घेतली आणि ती ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या टेबलावर ठेवली. तिथे डिसेंबर २००२ पासून समितीने काम केलं, मे २००५ मध्ये ओपनडॉक्युमेंट हे मानक मंजूर झालं आणि २००६ साली त्याला आयएसओचा शिक्का मिळाला, क्रमांक २६३००. ओडीटी, ओडीएस, ओडीपी या फाइली त्यातल्या. हे घरी करून पाहण्यासारखं आहे: कुठल्याही ओडीटी फाइलची एक प्रत काढा, नावाचं शेपूट बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत चारदोन फाइली दिसतील. एकीत तुमचा मजकूर, एकीत शैली, एकीत लेखकाचं नाव आणि तारीख. मजकुराची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर खुणांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्यं स्पष्ट वाचता येतात. उद्या जगातलं एकही ऑफिस उरलं नाही, तरी तुमचा लेख त्यातून काढता येईल.

इतक्या निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीवरून केवढं रणकंदन झालं ते पाहा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये ठरवलं की जानेवारी २००७ पासून सरकारी कागदपत्रं ओपनडॉक्युमेंटमध्ये ठेवायची. कारण सरळ होतं. सरकारी नोंदी शंभर वर्षांनी वाचता आल्या पाहिजेत, आणि त्या वाचण्यासाठी एका खाजगी कंपनीच्या दारात उभं राहावं लागू नये. निर्णय राबवणारे अधिकारी पीटर क्विन यांच्या प्रवासांबद्दल लगेच वर्तमानपत्रात बातमी आली. चौकशीत ते निर्दोष ठरले, पण तोवर जीव मेटाकुटीला आला होता. त्यांनी राजीनामा दिला. या भांडणात मायक्रोसॉफ्टचं दडपण होतं हे खरंच. पण विरोध करणाऱ्यांत अपंग नागरिकांच्या संघटनाही होत्या आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. पडदा वाचून दाखवणारी साधनं त्या काळच्या ओपनऑफिसबरोबर नीट चालत नसत. मुक्त सॉफ्टवेअरचे कैवारी हा भाग सांगताना घाईत पुढे जातात. अखेर २००७ साली राज्याने मायक्रोसॉफ्टच्या नव्या रचनेलाही यादीत जागा दिली.

ही नवी रचना म्हणजे आज आपण सारे वापरतो ती डॉकएक्स आणि तिची भावंडं. ओपनडॉक्युमेंटला मिळालेला शिक्का आपल्यालाही मिळावा म्हणून मायक्रोसॉफ्टने ती आयएसओपुढे नेली. सहा हजारांवर पानांचं ते मानक घाईच्या मार्गाने मंजूर करून घ्यायचा घाट होता. सप्टेंबर २००७ च्या पहिल्या मतदानात ते पडलं. आज आपण विसरलो असलो तरी त्या वेळी भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिलं होतं. एप्रिल २००८ मध्ये ते मंजूर झालं तेव्हाही भारताचं मत विरोधीच होतं. एवढ्यावर न थांबता ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारताने अपील केलं. ते फेटाळलं गेलं. आपल्या देशाने संगणकाच्या बाबतीत जागतिक व्यासपीठावर इतक्या ठामपणे 'नाही' म्हटल्याचे प्रसंग थोडे. आणि याची आठवण मात्र कुणी काढत नाही.

तिकडे एवढं चाललं असताना इकडे काय होतं? खरं सांगायचं तर भारतात मुक्त ऑफिसची स्पर्धा विकतच्या ऑफिसशी कधी नव्हतीच. ती चोरीच्या ऑफिसशी होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या दुकानातून जोडून घेतलेल्या संगणकावर दुकानदार विंडोज, ऑफिस, पेजमेकर, फोटोशॉप सगळं 'टाकून' द्यायचा. गिऱ्हाईकाच्या दृष्टीने दोन्ही फुकटच. मग ओळखीचं सोडून अनोळखी कोण घेणार? त्यात संगणक शिकणं म्हणजे वर्ड आणि एक्सेल शिकणं, हे समीकरण गल्लोगल्लीच्या वर्गांनी पक्कं केलं. केरळने शाळांमध्ये वेगळी वाट धरली आणि तिथली मुलं मुक्त सॉफ्टवेअरवर वाढली. महाराष्ट्रात सरकारी पातळीवर तसं काही घडलं नाही. जे घडलं ते तुकड्यातुकड्यांनी, पण ते कमी मोलाचं नाही.

सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बंगळूर केंद्राने ओपनऑफिस भारतीय भाषांत आणलं, आणि केंद्र सरकारने २००५ पासून फुकट वाटलेल्या भाषा-सीडींमध्ये ते होतं. रेड हॅटने लोहित हे मुक्त फॉण्ट दिले. त्या कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून मराठीकरणाचं बरंच काम झालं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने लिबरऑफिसचे दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले आणि त्यांचं मराठी ध्वनिमुद्रणही केलं. ते आजही फुकट पाहता येतात. ज्याला शिकायचं आहे त्याने तिथूनच सुरुवात करावी. नेटवरच्या घाईघाईच्या व्हिडिओंपेक्षा ते पुष्कळ बरे.

मराठीला या कुळातून मिळालेली सर्वांत सुंदर गोष्ट मात्र हंगेरीतून आली. इंग्रजीसाठी बनवलेल्या शुद्धलेखन तपासनिसाला शब्दांची यादी पुरते. हंगेरियन भाषेत तसं चालत नाही, कारण तिथे शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय चिकटतात. म्हणून लास्लो नेमेथ यांनी हनस्पेल हा तपासनीस लिहिला. त्यात मूळ शब्दांची एक फाइल असते आणि कुठल्या शब्दाला कोणते प्रत्यय कसे लागतात याची दुसरी. ओपनऑफिसने तो घेतला, पुढे फायरफॉक्स आणि क्रोमनेही. आता मराठीचा विचार करा. घर, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांनी, घरासमोरच्या, घरापासूनचा. सामान्यरूपं आणि शब्दयोगी अव्ययं धरली तर एकेका नामाची शेकडो रूपं होतात. बुडापेस्टच्या अडचणीवर शोधलेला उपाय पुण्या-नागपूरच्या अडचणीला चपखल बसला. मराठीचा कोश आज लिबरऑफिसला एक्स्टेंशन म्हणून जोडता येतो. त्यात उणिवा आहेत, कित्येक बरोबर शब्दांखाली तो लाल रेघ ओढतो. पण तो कोश साधी मजकुराची फाइल आहे. कुणाही मराठीच्या शिक्षकाला ती उघडून दुरुस्त करता येते. ही सोय कुठल्या विकतच्या ऑफिसात आहे?

देवनागरीचा दुसरा प्रश्न जोडाक्षरांचा. पूर्वी विंडोजवर एक यंत्रणा अक्षरं जुळवायची, मॅकवर दुसरी, लिनक्सवर तिसरी. तीच फाइल तीन ठिकाणी तीन तऱ्हेने दिसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिबरऑफिसच्या ५.३ आवृत्तीने सगळीकडे हार्फबझ हे एकच मुक्त इंजिन बसवलं. तेव्हापासून 'क्ष्म्य' आणि 'र्‍य' कुठेही सारखे उमटू लागले, फॉण्ट तोच असला म्हणजे झालं.

पुन्हा कुळाकडे. २७ जानेवारी २०१० रोजी ऑरेकलने सनची खरेदी पूर्ण केली. डेटाबेस विकणाऱ्या या कंपनीला फुकटच्या ऑफिसात काय रस असणार, अशी धाकधूक स्वयंसेवकांना लागली. काही महिने वाट पाहून २८ सप्टेंबरला त्यांतल्या प्रमुखांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली आणि कोडची वेगळी शाखा काढली. तिचं नाव लिबरऑफिस. ते नाव तात्पुरतं ठरवलं होतं. ओपनऑफिस हे नाव आम्हाला द्या आणि तुम्हीही सामील व्हा, असं रीतसर निमंत्रण ऑरेकलला दिलं होतं. ऑरेकलने उलट फाउंडेशनमध्ये गेलेल्यांना ओपनऑफिसच्या मंडळातून बाहेर व्हायला सांगितलं. झालं, तात्पुरतं नाव कायमचं झालं. गो-ओओची सगळी शिदोरी नव्या घरात आली आणि २५ जानेवारी २०११ रोजी लिबरऑफिसची पहिली पक्की आवृत्ती निघाली.

संस्थेची नोंदणी जर्मनीत करायची तर ५० हजार युरोंचं भांडवल हवं होतं. लोकांकडे मागितलं, आठ दिवसांत जमलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये बर्लिनला फाउंडेशनची नोंदणी झाली. जर्मन कायद्यातल्या या प्रकारच्या प्रतिष्ठानाला मालक नसतो. ते विकता येत नाही, कुणी विकत घेऊ शकत नाही. आधीच्या पंचवीस वर्षांत दोनदा मालक बदलताना पाहिलेल्या लोकांनी हा प्रकार मुद्दाम निवडला होता.

ऑरेकलने एप्रिल २०११ मध्ये ओपनऑफिसमधून अंग काढून घेतलं आणि जूनमध्ये कोड व नाव अपाची फाउंडेशनच्या हवाली केलं. तेव्हापासून दोन भाऊबंद वेगळे नांदतात. नाव एकाकडे गेलं, माणसं दुसऱ्याकडे. अपाची ओपनऑफिसची ४.१ आवृत्ती २०१४ साली आली. त्यानंतर किरकोळ डागडुजीपलीकडे तिथे फार काही हललेलं नाही. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते. ऑक्टोबर २०२० मध्ये, ओपनऑफिसच्या विसाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, डॉक्युमेंट फाउंडेशनने अपाचीला उघडं पत्र लिहिलं: तुमच्याकडे येणाऱ्यांना निदान सांगा तरी की आमच्याकडे चालू काम मिळेल. तसं काही झालं नाही. जुन्या नावाच्या पुण्याईवर लोक अजून ओपनऑफिस उतरवून घेतात, डॉकएक्स नीट उघडत नाही म्हणून वैतागतात आणि 'मुक्त सॉफ्टवेअर असलंच' असा शेरा मारून मोकळे होतात. मुक्त पर्याय निवडताना नाव पाहू नये, शेवटची आवृत्ती कधीची आहे ते पाहावं.

सरकारांचे अनुभव दोन्ही तऱ्हेचे. म्युनिक शहराने २००३ साली लिनक्सवर जायचं ठरवलं तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले होते. पंधरा हजारांच्या आसपास संगणक बदलून झाले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजवर परतायचा ठराव केला. यात राजकारण होतं, पण बाहेरून येणाऱ्या फाइली मोडतात ही कर्मचाऱ्यांची कुरकूर काही राजकारणाने निर्माण केलेली नव्हती. फ्रान्सच्या जाँदार्मरी पोलिसांनी २००५ पासून हा मार्ग धरला तो सोडला नाही. श्लेसविग-होल्स्टाइन या जर्मन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये ३० हजार संगणक लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. हे राज्य हॅम्बुर्गला लागूनच आहे. बोरीजच्या गावाहून गाडीने तासाभरात पोहोचावं इतकं जवळ. भारत सरकारचंही मार्च २०१५ पासून मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण आहे. त्याची अंमलबजावणी किती, हे कुठल्याही तहसील कचेरीतल्या पडद्याकडे पाहून ज्याचं त्याने ठरवावं.

लिबरऑफिसात सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. एक्सेलमध्ये मॅक्रोंचं जंगल उभं केलेल्या लेखापालाने तिकडे जाऊ नये; ते मॅक्रो जसेच्या तसे चालत नाहीत. मंगल किंवा निर्मला या विंडोजच्या फॉण्टमध्ये केलेली मराठी फाइल लिनक्सवर उघडली तर ओळी सरकतात आणि चार पानांची पाच होतात. उपाय एकच, मुक्त युनिकोड फॉण्ट दोन्हीकडे बसवणं. मेनूंची मांडणी जुनाट वाटते, ती बदलता येते पण बदलायचं कुणी सांगत नाही. आणि आता बहुतेकांना संगणकावर काही बसवायचंच नसतं. मोबाइलवर, गूगलच्या जागेत लिहिलं की झालं. तिथे पैसे लागत नाहीत. तिथला कोड मात्र आपल्या हाती नाही, आणि गूगलने आजवर आपल्या किती सेवा गुंडाळल्या ते बंद पडलेलं गूगल रीडर वापरणाऱ्यांना विचारा.

म्हणूनच हे कूळ महत्त्वाचं. स्टार गेली, सन गेली, ऑरेकलने हात झटकले. यातलं एकेक संकट बंद दाराच्या प्रोग्रॅमवर आलं असतं तर पहिल्याच तडाख्यात तो संपला असता. पेजमेकर असाच संपला. अडोबीने २००१ नंतर त्याची नवी आवृत्ती काढली नाही. मराठी प्रकाशनाची वीसेक वर्षं ज्या फाइलींत अडकली आहेत त्या उघडणारा प्रोग्रॅम आता नव्या संगणकांवर धड चालत नाही. लिबरऑफिसवाल्यांनी जुन्या फाइलींच्या बाबतीत उलटी रीत ठेवली. २०१३ साली ४.० आवृत्तीत त्यांनी स्टारऑफिसच्या पुराण्या फाइली उघडायची सोय काढून टाकली होती. पण पुढे एका स्वयंसेवकाने त्यासाठी वेगळी लायब्ररी लिहिली आणि सोय परत आली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या डॉक्युमेंट लिबरेशन प्रकल्पाचं काम तर हेच आहे. मालकाने टाकून दिलेल्या फाइली उलगडायच्या. त्यातूनच लिबरऑफिसला पेजमेकरच्या फाइली उघडता येऊ लागल्या.

तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या दिवाळी अंकांच्या, पुस्तकांच्या, संस्थांच्या स्मरणिकांच्या पेजमेकर फाइली सीडींवर पडून आहेत, त्यांना एक विनंती. सीडींचं आयुष्य संपत आलं आहे, आधी त्या उतरवून घ्या. मग लिबरऑफिस ड्रॉमध्ये त्या उघडून पाहा. मांडणी जशीच्या तशी येईल ही अपेक्षा ठेवू नका. मजकूर आला तरी पुष्कळ. तो जुन्या फॉण्टांच्या अक्षरांत असेल, त्याचं युनिकोड करणारी रूपांतरं नेटवर मिळतात. झालेला मजकूर ओडीटीमध्ये जतन करा आणि एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्या. छपाईच्या त्या काळात काम केलेली आणि कोणता मजकूर कोणत्या फॉण्टमध्ये होता हे आठवणारी डीटीपीची माणसं अजून आपल्यात आहेत, तोवर हे उरकून घ्या.